मदत हवी आहे: बीएसए एम२० गरम झाली की किक घेत नाही

मोटरसायकल १९४२ची, ५०० सीसी साइड व्हॉल्व्ह, मॅग्नेटो इग्निशन (बॅटरीशिवाय ठिणगी देणारं). थंड असताना कार्ब्युरेटर टिकल करतो (बटण दाबून जादा पेट्रोल सोडतो), इग्निशन थोडं रिटार्ड (ठिणगी जरा उशिरा), कॉम्प्रेशन लागेपर्यंत हळू किक, व्हॉल्व्ह लिफ्टर (कॉम्प्रेशन सोडणारा लिव्हर) दाबून पिस्टन टीडीसीच्या (सर्वांत वरच्या टोकाच्या) जरा पुढे, मग लिफ्टर सोडून पूर्ण लांब किक. दुसऱ्या-तिसऱ्या किकला हमखास सुरू.

पण अर्धा तास चालवून पेट्रोल भरायला थांबलो की वीस किक मारूनही नाही. तासाभराने, थंड झाल्यावर, पहिल्यासारखी! गरम असताना टिकल करत नाही. थ्रॉटल बंद ठेवून पाहिला, थोडा उघडूनही. लिफ्टर दाबून, थ्रॉटल पूर्ण उघडून सात-आठ किकांत जादा पेट्रोलही बाहेर काढलं. प्लग नवा, मॅग्नेटोच्या पॉइंट्सचं अंतर १२ थाऊ (इंचाचे हजारांश). प्लग बाहेर काढून बघितलं तर ठिणगी दिसते, पण फिकट.

उजवा गुडघा आता साथ देत नाही, ढकलायला सोबत कुणी नसतं. मॅग्नेटो उगाच खोलायचा नाही. माझी गरम इंजिनची किकच चुकतेय, की मॅग्नेटोचा कंडेन्सर (पॉइंट्सना जोडलेला विजेचा भाग) तापून दगा देतोय, हे न खोलता कसं ओळखायचं?