सर्व्हरवरील डिस्कचा वेग नेमका कसा मोजावा?

प्रश्न: आमच्या लिनक्स सर्व्हरवरील डेटाबेस रात्री फार मंदावतो. डिस्कवरील वाचन-लेखनाची आकडेवारी दाखवणाऱ्या ‘आयओस्टॅट’ या आज्ञेमध्ये एनव्हीएमई (वेगवान सॉलिड-स्टेट) डिस्कची व्यग्रता ९८ टक्के दिसते, परंतु डेटाची नक्कल करणाऱ्या ‘डीडी’ या आज्ञेने फाइल लिहून पाहिली असता वेग उत्तम येतो. यांपैकी कोणत्या आकड्यावर विश्वास ठेवावा?

उत्तर १: दोन्हींवर नको. व्यग्रतेची टक्केवारी म्हणजे वाचन-लेखनाची किमान एक विनंती प्रलंबित असण्याचा काळ. एनव्हीएमई डिस्क एकाच वेळी अनेक विनंत्या हाताळत असल्यामुळे ९८ टक्के दिसत असतानाही तिच्यात बरीच क्षमता शिल्लक असू शकते. ‘डीडी’ने लिहिलेला डेटा, वेगळे न सांगितल्यास, आधी पेज कॅशमध्ये (मेमरीतील तात्पुरत्या साठ्यात) जातो, म्हणून आपण मोजलेला वेग बहुधा मेमरीचाच आहे. ‘आयओस्टॅट’ दर ५ सेकंदांनी चालवून वाचनाचा व लेखनाचा ‘अवेट’, म्हणजे एक विनंती पूर्ण होण्यास लागणारा सरासरी वेळ, पाहावा. त्यात रांगेत थांबण्याचा वेळही धरलेला असतो. पहिला अहवाल सोडून द्यावा, कारण तो सर्व्हर सुरू झाल्यापासूनची सरासरी दाखवतो.

उत्तर २: सहमत. चाचणीसाठी ‘एफआयओ’ हे डिस्कचा वेग तपासणारे साधन वापरावे, पेज कॅश टाळण्यासाठी त्यात ‘डायरेक्ट’ पर्याय १ ठेवावा आणि ब्लॉकचा आकार डेटाबेसच्या पानाएवढा (डेटाबेस एका वेळी वाचतो-लिहितो त्या तुकड्याएवढा) घ्यावा. मूळ रचनेत पोस्टग्रेसचे पान ८ किलोबाइटचे, तर मायएसक्यूएलच्या इनोडीबीचे १६ किलोबाइटचे असते. सरासरीपेक्षा ९९व्या शततमकाचा विलंब (९९ टक्के विनंत्या ज्या वेळात पूर्ण होतात तो) मला अधिक बोलका वाटतो. कळकळीची विनंती अशी, की लेखनाची चाचणी वापरातील डिस्कवर थेट करू नये, तिच्यावरील डेटा नष्ट होतो. स्वतंत्र फाइलवरच करावी.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. काल रात्री मोजले. लेखनाचा ‘अवेट’ केवळ बॅकअप चालू असतानाच वाढतो.