फेरेट घरातच असतो तरी लस लागतेच

कुणीतरी विचारलंय की फेरेट (मुंगसासारखा दिसणारा छोटा पाळीव प्राणी) घराबाहेर जातच नाही तर लस कशाला, पण अहो डिस्टेंपरचा (कुत्र्यांनाही होणारा एक गंभीर संसर्गजन्य आजार) विषाणू आपल्या चपला-कपड्यांवरूनही घरात येऊ शकतो आणि फेरेटला तो झाला की जवळजवळ वाचतच नाही. इथे अमेरिकेत पिल्लांना साधारण ८, ११ आणि १४ आठवड्यांना डोस देतात, मग दरवर्षी एक. रेबीजची वेगळी, ३ महिन्यांनंतर. लस टोचल्यावर अर्धा तास तरी क्लिनिकमध्येच थांबा प्लीज, काहींना रिअॅक्शन येते.

आणि फेरेट ३ वर्षांचा झाला की दर सहा महिन्यांनी तपासणी कराच, शुगर बघायला सांगा, इन्सुलिनोमा (स्वादुपिंडातली गाठ, तिच्यामुळे रक्तातली शुगर फार कमी होते) ह्यांच्यात फार कॉमन आहे, मागचे पाय लटपटतात, लाळ गळते आणि लोक वय झालं म्हणून सोडून देतात, फार वाईट वाटतं. घरात कुणाला फ्लू असेल तर त्याने फेरेटला उचलूच नका, माणसाचा फ्लू त्यांना लागतो.