ऐकायला कमी येणाऱ्या वडिलांसोबत कुठले मराठी सिनेमे बघता येतील?

चिंचवडची_लेक
नमस्कार मंडळी. माझे वडील कोल्हापूरजवळच्या गावाहून थंडीचे दोन महिने आमच्याकडे राहायला येतायत. वय 78. एकेकाळचे पट्टीचे सिनेमावाले. जत्रेतल्या तंबूत मांडी घालून पाहिलेले सिनेमे आजही सीनसकट आठवतात, 'पिंजरा' तर तोंडपाठ. पण आता ऐकू कमी येतं. कानाचं मशीन आहे, तरी टीव्हीवर सिनेमा लावला की थोड्याच वेळात "काय म्हणाला तो?" सुरू होतं. मग स्वतःच संकोचतात, "तुमचं चालू दे" म्हणून गॅलरीत जाऊन बसतात. ते मला बघवत नाही.

सबटायटल्स बहुतेक इंग्रजीत, त्यांना त्याचा उपयोग नाही. मुलगी आठवीत आहे, तिलाही आजोबांशेजारी बसून बघता येईल असं जुनं-नवं सुचवा. एकदा तरी थिएटरला न्यायची फार इच्छा आहे. झेपेल का त्यांना?

सदाशिव_पेठी
'अशी ही बनवाबनवी' (1988) लावा. घरात सगळ्यांना डायलॉग पाठ असतात, न ऐकू येऊनही हसतील.

केबिनवाले_काका
ताई, मी सांगली-मिरज भागात थिएटरला ऑपरेटर होतो, रिटायर होईपर्यंत. प्रोजेक्टर सुरू असला की केबिनमध्ये इतका खडखडाट असायचा की बोलणं धड ऐकू यायचं नाही. पेट्या उघडायच्या, रिळं चढवायची, एक संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर ठिपका उमटायचा, तो दिसला की दुसरं मशीन चालू करायचं. म्हणजे नजर सतत पडद्यावर आणि कान जवळजवळ बंद. शेकडो सिनेमे मी असेच काचेतून पाहिलेत. त्यामुळे आवाजाविना कुठला सिनेमा उभा राहतो आणि कुठला कोसळतो, हे मला ठामपणे सांगता येतं.

'बनवाबनवी' त्यांना पाठ असेल तरच लावा. ती सगळी शब्दांची फटकेबाजी आहे, एक वाक्य सुटलं की पुढची तीन हातची जातात.

सुरुवात 'संत तुकाराम'ने (1936) करा. प्रभातचा, दामले-फत्तेलालांचा. अभंग तुमच्या वडिलांच्या ओठावर असणार, त्यामुळे निम्मं ऐकू आलं तरी उरलेलं ते स्वतः म्हणतील. आणि गौरीबाईंची जिजाई बघा. पोर आजारी पडल्यावर त्याला फरफटत देवळात नेते आणि विठोबालाच जाब विचारते, तेव्हा त्या बाईचा सगळा संसार तिच्या हातवाऱ्यांत दिसतो. एक शब्द कळला नाही तरी चालतं. नातीला एक सांगा: यातलं 'आधी बीज एकले' तुकोबांचं नाही, शांताराम आठवल्यांनी सिनेमासाठी लिहिलंय. इतकं जमलंय की भल्याभल्यांना तो तुकोबांचाच अभंग वाटला.

दुसरा 'कुंकू' (1937), आणि तुमच्या घरासाठी हाच सगळ्यात महत्त्वाचा. दिग्दर्शक व्ही. शांतारामांनी यात पार्श्वसंगीत ठेवलेलंच नाही. जे ऐकू येतं ते त्या घरातलं, त्या रस्त्यावरचं. कानाचं मशीन सगळेच आवाज मोठे करतं, म्हणून मागे वाद्यं वाजत असली की बोलणं त्याखाली दबतं. इथे दबायला काही नाही. शांता आपटे फसवून म्हाताऱ्याशी लग्न लावून दिलेली मुलगी आहे, केशवराव दाते तो नवरा. भिंतीवरच्या घड्याळावर लक्ष ठेवा, अर्धी गोष्ट तेच सांगतं. आठवीतली मुलगी हा सिनेमा बघून प्रश्न विचारणार, विचारू द्या. आजोबांनी तसली लग्नं आसपास पाहिली असतील.

नव्यातला 'किल्ला' (2015). बदली होणाऱ्या आईबरोबर कोकणात आलेला मुलगा, बाप गेलेला. किल्ल्यात तो पावसात एकटा सापडतो तो प्रसंग मी घरी मुद्दाम आवाज बंद करून पाहिला. काही कमी पडलं नाही.

'सामना' (1975) माझा जीव की प्राण, पण सध्या नको. लागू आणि निळूभाऊ समोरासमोर बसून बोलतात आणि त्या बोलण्यातच सगळं आहे. तो त्यांना एकट्याला, शांत दुपारी, हेडफोन लावून बघू दे.

आता टीव्ही. नव्या सिनेमांचा आवाज पाच-सहा स्पीकरसाठी बांधलेला असतो, बोलणं मधल्या स्पीकरमधून येतं. टीव्हीला तो नसतो, म्हणून गाणी कानठळ्या बसवतात आणि माणसं पुटपुटतात. सेटिंगमध्ये आवाज स्टिरिओ करा, बोलणं स्पष्ट करणारा मोड असेल तर तो लावा. मशीन ब्लूटूथचं असेल तर थेट टीव्हीला जोडता येतं का ते बघा, नाहीतर छोटा स्पीकर त्यांच्या खुर्चीजवळ ठेवा.

थिएटर झेपेल, नक्की न्या. आठवड्याच्या मधल्या दिवशी, सकाळचा खेळ. मागून तिसऱ्या-चौथ्या रांगेत, अगदी मधोमध बसवा. भिंतीकडेची खुर्ची नको, बाजूचे स्पीकर थेट कानात घुसतात. 'दशावतार'सारखा (2025) सिनेमा अशा माणसाने मोठ्या पडद्यावरच बघावा. प्रभावळकरांचा म्हातारा कलावंत बघताना त्यांना आपल्या वयाचं कोणीतरी पडद्यावर भेटेल. पुण्यात लॉ कॉलेज रोडच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातल्या खेळांवरही लक्ष ठेवा, जुने सिनेमे तिथे पडद्यावर बघायला मिळतात.

वर्धेकाठची
काकांच्या यादीत 'स्थळ' (2025) घाला. जयंत सोमलकरांनी आपल्याच गावात, चंद्रपूरकडच्या डोंगरगावात केलाय, माणसंही तिथलीच. मुलगी बघायला पाहुणे येतात, तिला बसवतात, नाव-शिक्षण-उंची विचारतात, जातात. पुन्हा दुसरे येतात, पुन्हा तेच. दुसऱ्या खेपेपासून प्रश्न ऐकू यायची गरजच उरत नाही, तिच्या चेहऱ्याकडे बघत राहायचं. माझ्या आईला ऐकू नीट येतं, तरी शेवटी शेवटी ती आवाज कमी करून बघत होती.

केबिनवाले_काका
अगदी योग्य सुचवलंत. 'कुंकू' एका रात्री आणि 'स्थळ' दुसऱ्या रात्री, लागोपाठ. 88 वर्षांचं अंतर आहे दोन्हींत आणि मुलीला तिच्या मनातलं अजून कोणी विचारत नाही.

चिंचवडची_लेक
काका, वाचता वाचता डोळे भरले. मशीन ब्लूटूथचं निघालं, भावाने बघून सांगितलं. 'कुंकू'ची बरी प्रत कुठे मिळेल? आणि 'पिंजरा' ते लावायला सांगणारच, तो मुलीसोबत चालेल का?

केबिनवाले_काका
'कुंकू' यूट्यूबवर शोधा. एकाहून जास्त प्रती दिसल्या तर प्रत्येकीची पहिली पाच मिनिटं ऐका आणि ज्यात बोलणं खरखरत नाही ती ठेवा. हिंदी 'दुनिया न माने' वर येईल, तो नको, मराठीच लावा. 'पिंजरा' तुम्ही आधी एकदा बघा आणि मग ठरवा. मुलगी समजूतदार असेल तर चालेल, मास्तरचं काय होतं ते तिला आजोबाच नीट समजावतील. फक्त त्या दिवशी टीव्हीचा आवाज त्यांच्या हातात द्या, ढोलकी त्यांना हवी तेवढी मोठी करू दे.