अंडररायटिंगमध्ये तोटा, तरी विमा कंपनी नफ्यात कशी?

हातमाग_इचल: गाडीचा विमा न चुकता भरतो, क्लेम आजवर एकही नाही. पेपरात वाचलं की माझ्या कंपनीला अंडररायटिंगमध्ये तोटा झाला, पण वर्षाअखेर नफा. मग आमच्या प्रीमियमवर कंपनी कमावते की नाही? जाणकारांनी सांगावं.

निवृत्त_अंडररायटर: अंडररायटिंग म्हणजे कोणती जोखीम घ्यायची आणि कोणत्या दराने, हे ठरवणं. हेच काम करत निवृत्त झालो, म्हणून सविस्तर लिहितो. समजा, वर्षाचा अर्जित प्रीमियम (उलटून गेलेल्या विमाकाळाच्या वाट्याचा) १०० रुपये. त्यातले ८० क्लेममध्ये गेले, ३० कमिशन, पगार आणि कार्यालयावर. बेरीज ११०, म्हणजे १० रुपये अंडररायटिंग तोटा. या बेरजेला कम्बाइंड रेशो म्हणतात. तो शंभराच्या आत राहिला तर धंदाच नफ्यात. आपल्याकडे बहुतेक कंपन्यांचा तो वरच असतो.

भरपाई करते गुंतवणूक. प्रीमियम आज येतो, क्लेम नंतर द्यायचा. तुमच्या गाडीचं नुकसान काही आठवड्यांत मिटतं, पण थर्ड पार्टीचा, म्हणजे तुमच्या गाडीमुळे इजा झालेल्या दुसऱ्या माणसाचा, दावा मोटार अपघात न्यायाधिकरणात वर्षानुवर्षं चालतो. तोवर ती रक्कम रोख्यांत व्याज कमावते.

पण त्यावर विसंबलेला अंडररायटर मला कधीच पटला नाही. खरी कमाई जोखीम पारखण्यात आहे. सूतगिरणीचा आगीचा विमा देताना कापसाचं गोदाम मशिनशेडपासून किती लांब आहे, स्प्रिंकलर चालू आहेत का, वायरिंग कधी बदललं, हे स्वतः जाऊन पाहायचं. दर त्यावर ठरायचा, नाहीतर नकार द्यायचा. २००७ मध्ये आगीच्या विम्याचे बांधील दर उठले आणि कंपन्यांनी भरमसाट सूट दिली. कारखान्याचा आगीचा विमा मिळावा म्हणून त्याच्या कामगारांचा ग्रुप मेडिक्लेम तोट्यात द्यायची पद्धत मी जवळून पाहिली आहे. त्याला अंडररायटिंग म्हणायला माझी जीभ धजत नाही.

पंचगंगाकाठ: २०१९ च्या पुरात आमच्या भागातल्या कितीतरी गाड्या बुडाल्या. अशा वर्षी कंपनी कशी टिकते?

निवृत्त_अंडररायटर: पुनर्विम्यामुळे. कंपनी आपल्या जोखमीचा हिस्सा प्रीमियमसकट जीआयसी रीसारख्या पुनर्विमा कंपनीकडे सोपवते, मोठ्या आपत्तीत ठरलेल्या मर्यादेपलीकडचा भार तीच उचलते. एकाच नदीकाठच्या किती पॉलिसी घ्यायच्या, यावरही आम्ही नजर ठेवायचो.

हातमाग_इचल: मग थर्ड पार्टीचा दर कंपन्या वाढवत का नाहीत, काका?

निवृत्त_अंडररायटर: तो त्यांच्या हातात नाही, केंद्र सरकार ठरवतं. १००० ते १५०० सीसीच्या खासगी गाडीला जून २०२२ पासून वर्षाला ३,४१६ रुपये ठरला. उलट मृत्यू वा दुखापतीच्या भरपाईला कमाल मर्यादा नाही. तुम्ही क्लेम केला नाही त्याचा लाभ मात्र तुम्हाला मिळतो: नो क्लेम बोनस २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत, पण फक्त स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागावर. नूतनीकरणाच्या कागदावर तो लावलाय का, आज तपासा. कंपनी बदलली तरी तो तुमच्याबरोबर येतो.