अनुभव धागा: किंक्सचं शेवटचं वाफेचं इंजिन तुम्हाला कुठे भेटलं?

परवा रात्री भांडी घासताना कानात 'लास्ट ऑफ द स्टीम-पॉवर्ड ट्रेन्स' लागलं आणि कढई हातातच राहिली. किंक्स या ब्रिटिश रॉक बँडचं हे गाणं मी वीसेक वर्षं ऐकतोय, पण माझ्या ओळखीत ते ऐकणारा दुसरा माणूस आजवर भेटलेला नाही. बायको म्हणाली, "अरे, मग विचार की लोकांना." म्हणून हा धागा.

ज्यांना गाणं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ११ ऑगस्ट १९६८ ला ब्रिटिश रेल्वेने मुख्य मार्गांवरची शेवटची वाफेची प्रवासी गाडी सोडली. लिव्हरपूलहून मँचेस्टरमार्गे कार्लाइल आणि परत. तिकीट पंधरा गिनी, तेव्हाच्या मानाने डोळे पांढरे करणारं. दुसऱ्या दिवसापासून वाफेच्या इंजिनांना मुख्य मार्ग बंद. त्यानंतर दोनच महिन्यांनी, ऑक्टोबरमध्ये, किंक्सचा गायक-गीतकार रे डेव्हिस याने हे गाणं ध्वनिमुद्रित केलं. 'द किंक्स आर द व्हिलेज ग्रीन प्रिझर्व्हेशन सोसायटी' हा अल्बम खरं तर सप्टेंबरमध्येच बारा गाण्यांचा येणार होता. तो थांबवला, वाढवला, आणि वाढीव गाण्यांमधलं हे एक. २२ नोव्हेंबरला अल्बम आला. नेमक्या त्याच दिवशी बीटल्सचा पांढरा अल्बम आला, मग काय व्हायचं ते झालं. किंक्सचा अल्बम ब्रिटनच्या खपाच्या यादीत शिरलाच नाही.

गाण्यात इंजिन स्वतःच बोलतं. मी शेवटचा उरलोय, माझे दोस्त सगळे सभ्य मध्यमवर्गीय होऊन बसले, मी आपला संग्रहालयात बरा आहे, असा त्याचा सूर. तक्रार म्हणावी तर मिजास आहे, मिजास म्हणावी तर आवाजात खरखर आहे. मला त्यातलं हेच आवडतं.

तुम्हाला हे गाणं कधी, कुठे सापडलं? इंजिनाची आठवण असेल तर तीही येऊ द्या. विषय भरकटला तरी चालेल, फक्त रुळावर परत या.

हार्मोनिकावाला, दादर

अखेर कुणीतरी विषय काढला! मी हौशी वाजवणारा, त्यामुळे माझं म्हणणं वाजवण्याबद्दलच.

या गाण्याची मूळ धून किंक्सची नाहीच. हाउलिन वुल्फ या अमेरिकन ब्लूज गायकाचं १९५६ चं 'स्मोकस्टॅक लाइटनिंग' लावा, मग हे लावा. तेच. साठच्या दशकाच्या सुरुवातीला लंडनमधली झाडून सगळी पोरं ब्लूज वाजवत होती आणि ही धून येत नाही असा बँड नव्हता. १९६८ पर्यंत ती सगळी मंडळी पुढे निघून गेली होती. कुणी सतार घेतली, कुणी अख्खा वाद्यवृंद आणला, पाच वर्षांपूर्वीचं ब्लूज वाजवणं म्हणजे जुन्या फॅशनचा शर्ट घालणं झालं होतं. आणि रे डेव्हिस नेमका तोच शर्ट घालून येतो! वाफेचं इंजिन म्हणजे ही धून, आणि ती अजून वाजवणारा बँडही. दोस्त मध्यमवर्गीय झाले हा टोमणा रुळांवरच्या डिझेलला कमी आणि सोबतच्या गवयांना जास्त आहे. हे लक्षात आलं त्या दिवशी मी एकटाच हसत बसलो होतो, आई म्हणाली, "काय झालं रे?" तिला काय सांगणार!

वाजवताना एक गोष्ट कळते. सुरुवातीला लय मुद्दाम जड ठेवली आहे. हार्मोनिकात श्वास आत घेऊन सूर वाकवायचा असतो, तो घाईत वाकत नाही. पुढे गाडी वेग घेते तेव्हा दम पुरत नाही. मी पहिल्यांदा मित्रांबरोबर वाजवलं तेव्हा त्या जागी मला अक्षरशः खोकला आला. ढोलकवाला म्हणाला, "इंजिन फेल!"

बासरीप्रेमी

सुंदर गाणं आहे. पण बासरीचा तुकडा कुणी लिहिलाच नाही? आणि सुरुवातीचा तो हळुवार पियानो? माझ्या मते रॉकमधली सगळ्यात भारी सुरुवात.

धागाकर्ता

तुम्ही जेथ्रो टलच्या 'लोकोमोटिव्ह ब्रेथ'बद्दल बोलताय. १९७१, 'अ‍ॅक्वालंग' अल्बम. तेही इंजिनच, पण ते भरधाव सुटलेलं, थांबता न येणारं. इयन अँडरसनच्या डोक्यात तेव्हा वाढती लोकसंख्या होती म्हणे. आपलं इंजिन शेडमध्ये उभं आहे. तुम्ही शेजारच्या फलाटावर आलात, पण बसा, चहा घ्या.

बासरीप्रेमी

अर्रर्र. दोन दिवस मी तुमचं वर्णन वाचून म्हणत होतो, यांनी वेगळंच काहीतरी ऐकलंय. आता ऐकतो हेही.

लेस्टरहून

मी इथे इंग्लंडमध्ये सोळा वर्षं आहे. नोकरी कॉम्प्युटरची, पण महिन्यातले दोन शनिवार लफबरोच्या ग्रेट सेंट्रल रेल्वेवर फुकटची हमाली करतो. लफबरो ते लेस्टर अशी साधारण तेरा किलोमीटरची ही जुनी लाइन हौशी लोकांनी जिवंत ठेवली आहे, तीही दुहेरी रुळांची.

माझं काम इंजिन पुसण्याचं. ऐकायला बरं वाटतं, पण पहाटे पाचला, जानेवारीत, कॉटन वेस्टचा बोळा पॅराफिनमध्ये, म्हणजे आपल्या रॉकेलमध्ये, बुडवून चाकांच्या आऱ्या घासायला गेलात की सगळं प्रेम बोटांतून निथळतं. राखपेटी रिकामी करायची वेळ आली की तरुण पोरं हमखास चहा आणायला जातात. भट्टी आदल्या दिवशीच पेटवून ठेवलेली असते, कारण एवढा मोठा बॉयलर काही तासाभरात तापत नाही. पहाटे शेडमध्ये शिरलं की आधी ऐकू येतं ते एक बारीक खदखदणं, भात शिजत आला की झाकणाखाली होतं तसं. मला दर वेळी भूक लागते.

११ ऑगस्टच्या त्या गाडीला मँचेस्टर ते कार्लाइल ओढणारं 'ऑलिव्हर क्रॉमवेल' हे इंजिन पुढे पस्तीसेक वर्षं नॉरफोकमध्ये संग्रहालयात उभं होतं. मग त्याची दुरुस्ती आमच्या लफबरोला झाली आणि २००८ मध्ये ते पुन्हा वाफेवर धावलं. म्हणजे गाण्यातल्या इंजिनाला जे जमलं नाही ते याला जमलं.

आता किंक्स. शेडमधल्या एका म्हाताऱ्या स्वयंसेवकाने मला हे गाणं ऐकवलं, त्याच्या मोटारीत, कॅसेटवर. गाणं संपल्यावर म्हणाला, हा आपली टर उडवतोय बरं का. मी म्हटलं, मग तू ऐकतोस कशाला? तर म्हणे, उडवायलाच हवी. अल्बमच्या 'जतन करणारी सोसायटी' या नावातच ती टर आहे आणि मायाही आहे. दोन्ही वेगळी काढायला गेलो तर गाणं हातात राहत नाही.

फायरमनची लेक, भुसावळ

मी जरा विरुद्ध बोलणार आहे, राग मानू नका.

माझे वडील वाफेच्या इंजिनावर फायरमन होते, पुढे ड्रायव्हर झाले. रात्री दोनला ड्युटीचं बोलावणं घेऊन येणारा कॉलबॉय रजिस्टर घेऊन दारात यायचा, वडील झोपेतच सही करायचे आणि आई उठून डबा भरायची. परत आले की आधी मोरीत, मग घरात. तरी उशीची खोळ काळी व्हायची ती व्हायचीच. मे महिन्यात भुसावळला सावलीतही जीव नको होतो, त्यात हा माणूस भट्टीच्या तोंडाशी उभा राहून बेलच्याने कोळसा मारायचा. डाव्या हातावर भाजल्याचे डाग होते, ते मी लहानपणी मोजायची.

ज्या दिवशी डिझेलचं ट्रेनिंग संपवून घरी आले त्या दिवशी त्यांनी कामावर जायला पहिल्यांदा पांढरा शर्ट काढला. आईने त्याला नीळ घातली होती. तुमचं गाणं मी दोनदा ऐकलं, चाल छान आहे, पण इंजिनाचा शोक करणारे बहुतेक फलाटावरचे असतात.

एक मात्र कबूल. वडील कधीमधी बेलच्यावर वांगं भाजून त्याचं भरीत खाल्ल्याचं सांगायचे, आणि तशी चव गॅसवर येत नाही यावर आईशी दर हिवाळ्यात वाद घालायचे. डिझेलवर आल्यावर त्यांना एवढंच चुकल्याचुकल्यासारखं वाटायचं.

हार्मोनिकावाला, दादर

ताई, राग कसला! तुमचा प्रतिसाद वाचून मी गाणं परत लावलं. त्यात कोळसा मारणारा माणूस कुठेच नाही. इंजिन आहे, इंजिनाचे दोस्त आहेत, फायरमन नाही. इतकी वर्षं ऐकतोय, कधी ध्यानातच आलं नाही.

माहीमकडून, एवढंच सांगायला

किंक्सचा आणि मुंबईचा संबंध कुणी सांगितला नाही म्हणून लिहितो. १९६५ च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियाला जाताना हे लोक मुंबईत थांबले होते. रे डेव्हिसला पहाटे समुद्राकडे निघालेल्या कोळ्यांचं गाणं ऐकू आलं, आणि त्यातून 'सी माय फ्रेंड्स' झालं. ते बीटल्सच्या सतारीच्या आधीचं बरं का. रे डेव्हिसने कुठल्या वाड्याचे कोळी ऐकले ते लिहून ठेवायला हवं होतं, आमच्यात त्यावरून भांडणं झाली असती.

शकुंतलेचा पाहुणा, सध्या पुणे

माझं आजोळ अंजनगाव सुर्जी. मुर्तिजापूर–अचलपूर ही आमची शकुंतला, अरुंद रुळांची. विदर्भातला कापूस बंदरापर्यंत आणि तिथून मँचेस्टरला जावा म्हणून गोऱ्यांच्या खासगी कंपनीने टाकलेली लाइन. आणि ती ओढणारं इंजिनही १९२१ साली मँचेस्टरलाच घडलेलं! १९२३ पासून ते राबत होतं, १५ एप्रिल १९९४ ला त्याला सुटी मिळाली आणि डिझेल आलं. म्हणजे मँचेस्टरमध्ये मुख्य मार्गावरून वाफ बंद झाल्यावरही मँचेस्टरचं इंजिन आमच्याकडे पंचवीसेक वर्षं शिट्ट्या मारत होतं. धागाकर्ते म्हणतात 'शेवटचं इंजिन'. कुणाचं शेवटचं?

मी तेव्हा दहा-अकरा वर्षांचा. खिडकीत बसायचो तर मामा ओरडायचा, "डोळ्यात कण जाईल!" तो जायचाच. मग मामी पदराचं टोक फुंकून गरम करायची आणि डोळ्याला लावायची. गाडी इतकी सावकाश चालायची की मामेभाऊ उतरून धुऱ्यावरची बोरं तोडून पुन्हा पुढच्या डब्यात चढायचा. हे सगळेच शकुंतलावाले सांगतात, पण मी पाहिलं आहे.

गाणं ऐकलं ते खूप नंतर, २००३ मध्ये, हॉस्टेलच्या कॉम्प्युटरवर. कुणीतरी गाण्यांची सीडी जाळून दिली होती, नावं अर्धवट, याचं नाव नुसतंच 'ट्रॅक ९'. बँड कुठला, साल कुठलं, काही ठाऊक नाही. हार्मोनिका सुरू झाली आणि मला डोळा चोळावासा वाटला. खरंच चोळला.

मागच्या दिवाळीत मामाला मोबाइलवर ऐकवलं. तो ऐंशीचा आहे, इंग्रजी गाण्यांचा आणि त्याचा काडीचा संबंध नाही. पूर्ण ऐकलं. शेवटी गाणं वेग घेतं तिथे मान हलवली आणि म्हणाला, "हे आपली नाही. आपली एवढी पळत नव्हती."

लेस्टरहून

मामांचं म्हणणं उद्या शेडमध्ये सांगतो. आणि भुसावळच्या ताई, आमच्याकडेही बेलच्यावर अंडी-बेकन तळतात. वांग्याचं मी अजून कुणाला सुचवलेलं नाही. पुढच्या शनिवारी पिशवीत टाकून नेतो. बेलचा आधी गरम पाण्याने धुवायचा की तसाच भट्टीत धरायचा, तेवढं वडिलांनी कधी सांगितलं असेल तर कळवा.