जागा थोडी आहे: कुर्डू लावू की लाल माठ?

कर्वेनगर_तिसरा_मजला
नमस्कार मंडळी. आमची बाल्कनी पूर्वेची आहे. सकाळी आठपासून बाराच्या आसपासपर्यंत ऊन असतं, मग समोरच्या इमारतीची सावली येते. कठड्याला लागून दोन लांब ट्रे आणि दोन मोठ्या कुंड्या, एवढीच जागा. मृग लागला की काहीतरी पेरायचं आहे. आई म्हणते लाल माठ लाव, घरची ताजी भाजी होईल. माझ्या मनात मात्र कुर्डू भरलाय. गेल्या भाद्रपदात तळजाई टेकडीच्या उतारावर त्याचे गुलाबी-पांढरे तुरे पाहिले आणि तिथून पाय निघेना, इतक्या मधमाश्या होत्या त्यावर. शिवाय पावसाळ्यात कुर्डूची भाजीही करतात. मग एकाच झाडातून फूल आणि भाजी दोन्ही मिळत असतील तर माठ कशाला, असा माझा विचार. बरोबर आहे का? आणि टेकडीवरून एखादं रोप उपटून आणलं तर जगेल का?

एरंडवणे_कुंडीवाला
माठच लावा. पेरल्यापासून पंचवीस-तीस दिवसांत भाजी ताटात येते. दर तीन आठवड्यांनी एकेक ट्रे पेरत गेलात तर खंड पडत नाही. कुर्डू एकदा तुऱ्यावर आला की त्याची पानं कोणी खात नाही.

धनकवडी_गच्ची
तुझा विचार अर्धा बरोबर आहे गं. कुर्डू भाजीही आहे आणि फूलही, पण एकाच रोपाकडून दोन्ही भरभरून मागता येत नाहीत. माझं माहेर वेल्ह्याकडचं. तिकडे पहिला पाऊस पडून गेला की बांधावर कुर्डू उगवतो आणि तो कोवळा असतानाच बायका शेंडे खुडून आणतात. श्रावण उलटला की त्याच्याकडे भाजी म्हणून कोणी पाहत नाही. पान जाड होतं आणि कडवट लागतं.

याचं कारण त्या झाडाच्या स्वभावातच आहे. दिवस लहान व्हायला लागले की कुर्डू तुरा काढतो. म्हणून जूनमध्ये पेरलेल्या रोपाला पानं वाढवायला पुरेसा वेळ मिळतो, आणि ऑगस्टअखेर पेरलेलं रोप जेमतेम वीतभर असतानाच फुलावर येतं. माठाचं तसं नाही. कडाक्याची थंडी सोडली तर पुण्यात तो केव्हाही पेरा. डिसेंबर-जानेवारीत उगवायला रेंगाळतो, इतकंच.

दुसरी गोष्ट उन्हाची. तुझ्याकडे चार तास ऊन आहे. माठाला तेवढं चालतं. कुर्डू मात्र उघड्या माळावरचा आहे. ऊन कमी पडलं तर तो लांबुडका होतो, कलतो आणि तुरे बारीक येतात. तेव्हा माझं म्हणणं असं: दोन्ही ट्रे माठाला दे, आईचं ऐक. कठड्याकडच्या ज्या कुंडीला सर्वांत जास्त ऊन लागतं ती कुर्डूला दे, आणि त्याला फुलासाठीच लाव. शेंडे खुडशील तेवढी एखाद-दुसऱ्या वेळची भाजी ती वरची मिळकत समज.

खुडणं मात्र चुकवू नकोस. रोप वीतभर झालं की वरचा शेंडा दोन-तीन पानांसकट खुडायचा. मग बगलेतून फांद्या फुटतात आणि एका तुऱ्याच्या जागी पाच-सहा तुरे येतात. ऑगस्टच्या मध्यानंतर हात लावायचा नाही. तुरा जवळून बघ एकदा. टोकाला गर्द गुलाबी, खाली उतरत रुपेरी पांढरा. फुलं खालून वर उमलत जातात, म्हणून खालची फुलं सुकून बी धरतात तेव्हा टोकाला अजून नवीन उमलत असतात. पाकळ्या मुळातच कागदासारख्या कोरड्या. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, कुर्डूचा कित्येक आठवडे टिकतो.

टेकडीवरून रोप उपटून आणू नकोस. एक तर ती वनखात्याची जागा. दुसरं म्हणजे कुर्डूचं सोटमूळ खोल जातं, ते तुटलं की रोप माना टाकतं. शेतावर कोणी ओळखीचं असेल तर कार्तिकात सुकलेले दोन तुरे मागून घे. पुरून उरेल एवढं बी निघतं. त्याची कुंडी फूटभर तरी खोल हवी. माठाला सात-आठ इंच पुरे.

बी दोन्हींचं खसखशीएवढं, काळं, चकचकीत. चिमूटभर बी मूठभर कोरड्या बारीक मातीत कालवून पसर, म्हणजे एकाच जागी ढीग पडत नाही. वरून अगदी पातळ माती टाक. पहिले दिवस झारीनेच पाणी घाल, मगने ओतलंस तर सगळं बी एका कोपऱ्यात वाहून जाईल. चार पानांवर आलं की माठाची विरळणी कर आणि ती उपटलेली रोपं टाकू नकोस, आमटीत घाल.

कर्वेनगर_तिसरा_मजला
काकू, मनापासून आभार. ट्रे माठाला, कुंडी कुर्डूला, ठरलं. एक विचारू का? आईला ऋषिपंचमीच्या भाजीसाठी घरचा माठ हवा आहे. त्यासाठी केव्हा पेरू? आणि कुर्डूची भाजी तुम्ही कशी करता?

धनकवडी_गच्ची
ऋषीच्या भाजीला बैलाच्या कष्टाचं काही चालत नाही, त्यामुळे कुंडीतला माठ अगदी योग्य. पण त्यात आपल्याला जाड देठही हवे असतात, महिन्याभराच्या कोवळ्या रोपाला ते नसतात. त्यासाठी दुसऱ्या मोठ्या कुंडीत जूनअखेरच देठाच्या माठाची तीन-चार रोपं ठेव, मध्ये कापू नकोस. गणपतीपर्यंत देठ बोटाएवढे होतील. सोलून घातले की अळू आणि मक्याच्या कणसाबरोबर फार गोड लागतात.

कुर्डूची साधीच करते. पानं निवडून, दोन-तीन पाण्यांतून धुऊन बारीक चिरायची. तेलात भरपूर लसूण लाल करायचा, हिरवी मिरची, कांदा, भिजवलेली मूगडाळ, मग भाजी. मीठ शेवटी घाल, कारण भाजी आळून एवढीशी होते आणि आधी घातलेलं मीठ जास्त होतं. वरून ओलं खोबरं. सोबत तांदळाची भाकरी.

सिंहगडरोड_फुलपाखरू
काकूंशी सहमत, थोडी भर घालतो. पानं जाळ्याने चिकटवून आत बसणारी हिरवी बारीक अळी माठावर येते तशी कुर्डूवरही येते, कारण दोन्ही राजगिऱ्याच्या कुळातली. म्हणून ट्रे आणि कुंडी एकमेकांना खेटून ठेवू नका. गुंडाळलेलं पान दिसलं की अळीसकट काढून टाका. एवढ्याशा बागेत फवारणीची गरज नाही, आणि कुर्डू फुलावर असताना तर मुळीच करू नका, मधमाश्या मरतील. माठाच्या पानाखाली पांढरे फोड दिसले तर तो बुरशीचा रोग आहे. ती पानं तोडा, रोपं विरळ करा, पाणी सकाळी आणि बुंध्याशी द्या.

कुर्डू हे केवळ तण आहे असं समजू नका. नायजेरियात तो पालेभाजी म्हणून मुद्दाम पेरतात, सोको म्हणतात त्याला तिकडे. मात्र नदीकाठचा, नाल्याशेजारचा किंवा रस्त्याकडेचा कुर्डू खायला आणू नका. मातीतलं कॅडमियम, म्हणजे एक विषारी धातू, तो पानांत ओढून साठवतो. खायचा तर स्वच्छ माती भरलेल्या कुंडीतलाच. आणि दोन्ही भाज्यांत ऑक्झलेट, म्हणजे मुतखड्याला कारण ठरू शकणारा क्षार, बराच असतो, घरात कोणाला मुतखडा असेल तर डॉक्टरांना विचारून खा. मुतखड्यावर कुर्डूचं बी घ्या असं कोणीही सांगतं, तेही वैद्यांना विचारल्याशिवाय नको.

कर्वेनगर_तिसरा_मजला
हे कॅडमियमचं माहीतच नव्हतं. शेवटचा प्रश्न. कुंडीत आपोआप काही माठासारखी रोपं उगवली आहेत. ती ठेवू का?

धनकवडी_गच्ची
देठाला पान जिथे जुळतं तिथे हलकेच बोट फिरवून बघ. दोन अणकुचीदार काटे लागले तर तो काटेमाठ. त्याचीही कोवळी भाजी होते, पण निवडताना बोटं सोलवटतात आणि बी पडलं की पुढच्या वर्षी सगळ्या कुंड्यांत तोच दिसतो. फुलावर यायच्या आत मुळासकट काढ. काटे नसतील तर असू दे, चार-पाच पानांवर आल्यावर फोटो टाक, बघून सांगते.