मदत हवी आहे : पॉवर बीआयमध्ये अक्षावर वर्ष आणि महिना गटाने कसे दाखवायचे?

नमस्कार मंडळी. मी सोलापुरात, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका चादर-टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघते. मालकांना पॉवर बीआयमध्ये (मायक्रोसॉफ्टचं आलेख-अहवालाचं सॉफ्टवेअर) विक्रीचा स्तंभालेख हवा आहे : खाली महिने आणि त्यांच्याखाली आर्थिक वर्ष एकदाच, एक्सेलच्या पिव्होट चार्टमध्ये येतं तसं.

एक्स-अ‍ॅक्सिसमध्ये (आडव्या अक्षावर) वर्ष आणि महिना दोन्ही टाकले, चार्टवरच्या दुहेरी फाट्याच्या बाणाने वर्षाखालची महिन्यांची पातळी उघडली. तर प्रत्येक स्तंभाखाली वर्ष आणि महिना चिकटून, तिरपं. वाचताच येत नव्हतं. मग फॉरमॅटमध्ये एक्स-अ‍ॅक्सिसखाली 'कॉन्कॅटिनेट लेबल्स' (नावं जोडून दाखवणं) बंद केलं आणि गट पडले. महिने मात्र इंग्रजी अक्षरक्रमाने : एप्रिल, ऑगस्ट, डिसेंबर! त्यासाठी एप्रिलला १, मार्चला १२ असा क्रमांकाचा रकाना केला आणि महिन्याच्या रकान्याला 'सॉर्ट बाय कॉलम' (दुसऱ्या रकान्यानुसार क्रम) लावलं. तेही जमलं.

आता अडकलेय ते इथे. दुसऱ्या चार्टमध्ये वरचा गट मालाचा (चादर, टॉवेल, नॅपकिन) आणि आत गिऱ्हाईकं. विक्रीनुसार उतरता क्रम लावला की गट फुटतात, चादर तीन ठिकाणी दिसते. गट शाबूत ठेवून प्रत्येक गटाच्या आत मोठं गिऱ्हाईक आधी, असं करता येईल का? रँकचा (क्रमवारीचा) रकाना करावा लागेल का?

आणि गटाचं नाव तेवढं ठळक, आतली नावं बारीक, असा वेगवेगळा फॉन्ट देता येतो का? मालक चार्ट छापून, चष्मा लावून कागदावरच बघतात, म्हणून हे महत्त्वाचं आहे. कुणी केलं असेल तर पायऱ्या सांगा, सोमवारी दाखवायचंय.